काशा, तो नारळ मीच खाल्ला

काशा, पयली गोष्ट ही की तू खुळखुळा वाजवायचास तो तालात नवता.

हे मी तुझ्या तोंडावर शंभरदा बोललो असंन. दर वेळी तू डोळे वटारायचास, "बाळ्या, मी तालातच होतो, बाकीचे चुकत होते." आता तुला मधी बोलता येत नाय, तवा एकदाचं सलग बोलून घेतो. मी बोलतो, सून लिवते. ती मधीच हसते, म्हनून अक्षर वाकडं आलं तर दोष तिचा नाय, माझ्या तोंडाचा. मला लिवता येत नाय ते तुला ठाऊक. आपल्या बापांनी आपल्याला एकाच दिवशी शाळेत नेलं. तू आत गेलास, मी आवारातल्या चिंचेवर गेलो. तू भायेर आलास तो हवालदार व्हायला, मी खाली उतरलो तो बेंजो वाजवायला.

चौदा दिवस झाले तुला जाऊन. घरी मानसं येतात, फोटोसमोर बसतात, बोलतात, "लय शांत मानूस होता." मी कोपऱ्यात बसून ऐकतो. शांत? ज्या मानसानं मला पनवेलच्या भर बाजारात, मासेवाल्या बायकांसमोर, सायकलच्या ब्रेकवरनं आईबापासकट धुतला, तो शांत? पन मी गप बसतो. तुझी अब्रू राखायला नाय. त्या सायकलला ब्रेक खरंच नवता.

एक गोष्ट मातुर तुझ्या फोटोसमोर कोनी काढत नाय. टँकरची. लोकांना वाटतं, गेलेल्या मानसाचं कशाला उकरायचं. मला वाटतं, तीच काढावी. त्या गोष्टीत तू जेवढा मोठा दिसतोस तेवढा ह्या फोटोत दिसत नाय. आनि मी जेवढा बावळट दिसतो तेवढा आरशात पन दिसत नाय.

तळोज्याच्या कारखान्यांकडनं ते टँकर यायचे, इखारी सांडपानी भरून. चोरून नाय, दिवसाढवळ्या. खाडीच्या कडंला उभे रायचे, भरती फिरली की नळी सोडायचे. ओहोटीचं पानी सगळं इख घेऊन समुद्राला जायचं, पुरावा पन समुद्राला. दुसऱ्या दिवशी मासे पोट वर करून पडलेले. तुझ्या आईनं त्याच खाडीतल्या चिंबोऱ्या इकून तुला वर्दीपर्यंत आनला. त्यामुळं ठान्यात बाकीच्यांना तो एक गुन्हा होता, तुला घरातलं भांडन होतं.

आपन च्या पीत होतो. तू वैतागून बोललास, "जीप वळली रं वळली की त्यांच्या खबऱ्याचा फोन जातो. साध्या कपड्यात गेलो तरी वळखतात. आमच्या मिशाच तशा."

मी बोललो, "मंग बेंजो पार्टी होऊन जा. लगीनसराईत बेंजोच्या टेम्पोकडं कोन बघतंय? चमकीचा शर्ट घाला, मिशी पन शोभंल."

मी मस्करी केली, काशा. मस्करी करताना मी इचार करत नाय. तसा एरवी पन करत नाय. पन तू कप तसाच ठेवलास आनि उठून ठान्यात गेलास. दुसऱ्या दिवशी तुझे फौजदार साहेब माझ्या घरी, माझे शर्ट आंगाला लावून बघतात.

मंगळवार ठरला. भरती दुपारी साडेतीनला फिरनार, टँकर चारच्या आसपास येनार अशी खबर होती. तू मला इचारलंस, "बाळ्या, मंगळवारी तुझी सुपारी नाय ना कुठली? टेम्पो, वाद्यं, सगळं मोकळं हाय ना?"

मी फळीकडं बघितलं.

आता ही फळी काय ते लिवायला पायजे, नायतर पुढचं कोनाला कळायचं नाय. लग्नाला बेंजो ठरवायचा तर मानूस नारळ-सुपारी घेऊन येतो. सुपारी मी तोंडात टाकतो, नारळ फळीवर ठेवतो. जसं लगीन येतं तसा नारळ, डावीकडनं उजवीकडं. नारळ बघितला की देनारा आठवतो, देनारा आठवला की दिवस आठवतो. वाजवून आलो की तो नारळ देवाला फोडायचा. झाली माझी डायरी. इतकी वर्षं ह्या फळीनं मला कधी दगा दिला नाय.

फळीवर पयला नारळ गुरुवारचा होता. "मोकळा हाय," मी बोललो.

सोमवारी ठान्याच्या मागच्या आवारात तालीम झाली. तुला आठवतं? दोन शिपाई ढोलावर, ते बरे होते, त्यांना मारायची सवय. साहेबांनी ताशा घेतला. साहेबांचा ताशा म्हंजे, "दार उघडा, पोलीस हाय!" दुसरा कुठला ठेकाच येईना. तुला काय द्यावं कळंना, म्हनून खुळखुळा दिला. खुळखुळ्यात चुकायला जागा नसते असं मला त्या दिवसापर्यंत वाटायचं. जांभळा चमकीचा शर्ट तुझ्या पोटावर बसंना, शेवटची दोन बटनं उघडीच. मी बोललो, "असू दे, खरे बेंजोवाले असेच असतात." तू बोललास, "तू आरशात बघून सांगतोस ना?"

मंगळवारी टेम्पो निघाला. मागं तुमी चौघं पोलीस, पुढं मी. खाडीकडच्या गावातनं जायचं, पुलाच्या अलीकडं झाडाखाली टेम्पो लावायचा, इडी ओढत बसायचं. टँकरनं नळी सोडली की झडप. सोपं काम. गावाच्या तोंडाशी एक मांडव लागला. मांडवासमोर रस्त्याच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून, चांगुना आत्या.

चांगुना आत्याला कोन वळखत नाय? मासळी बाजारात तिनं भाव सांगितला की गिऱ्हाईक बोलत नाय, पिशवी उघडतं. तिच्या नातीचं लगीन होतं. त्या दिवशी हळद, मांडवाला उंबराची फांदी वाजतगाजत आनायची होती. तिला बघितली आनि मला आठवलं. नारळ तिनंच दिलता. मंगळवारचाच. माझ्या घरी येऊन, माझ्या हातात.

"दोन वाजता बोललतास ना रं, मेल्या? आनि हे कोन? तुझी पोरं कुठं गेली?"

"आत्या, ही नवी पोरं हायत," मी बोललो.

तिनं टेम्पोत डोकं घालून तुला न्याहाळलं. "ही पोरं? ह्याला नातवंडं असतील." आनि तुझं मनगट धरून तिनं तुला खाली उतरवला. काशा, पस्तीस वर्षांच्या नोकरीत तू किती जनांना मनगट धरून उतरवलं असशील. त्या दिवशी फिटलं.

साहेबांचं तोंड पांढरं. हळूच तुला बोलले, "हवालदार, काय करायचं?" तू दोन सेकंद माझ्याकडं बघितलंस. चूक माझी हाय हे तुला तितंच कळलं. आनि तू बोललास, "साहेब, नाय वाजवलं तर गाव टेम्पो आडवा करील. आपन पोलीस हाव हे पन बोंबलंल. अर्धा तास वाजवू आनि निघू. माझ्यावर सोडा."

त्या "माझ्यावर सोडा"नंच पुढं सगळा घोळ केला.

अर्धा तास कुठला! फांदी तोडायची, तिची पूजा व्हायची, बायका गानी बोलनार, मंग वाजत परत. साहेबांचा ताशा ऐकून एक म्हातारा मला बोलला, "हा कोन पोरगा? ताश्यावर राग काढतोय." बायका तुझ्या आजूबाजूनं नाचत होत्या आनि तू खुळखुळा असा धरलावतास जसा पंचनाम्यातला मुद्देमाल. त्यात चांगुना आत्यानं येऊन तुझ्या दोन्ही गालांना हळद फासली. "नाच की रं! मयताला आलास काय?" आनि तू नाचलास. खरं सांगतो, बरा नाचलास. वाजवन्यापेक्षा बरा.

आनि मागनं हॉर्न वाजला.

अरुंद रस्ता, आमची मिरवनूक, मिरवनुकीच्या मागं टँकर. नंबर चिखलानं माखलेला. तुमच्या खबरीत नंबरच नवता, नुसतं "एक टँकर येईल". असे टँकर त्या रस्त्यानं दिवसाला कितीतरी जातात. साहेब ताशा वाजवता वाजवता मान वाकडी करून बघतात. तेवढ्यात डायवर खाली उतरला. हसरा, गळ्यात रुमाल. हळदीत घुसला, तुझा हात धरला आनि तुझ्याबरोबर नाचला. दोन फेऱ्या. कोनीतरी मोबाइलवर काढलं. मंग तो हात जोडून बोलला, "वाट द्या हो, टाईम होतोय."

आनि वाट कोनी दिली? मी दिली. बेंजो थांबवला, पुढं पळालो, दोन्ही हातांनी मानसं बाजूला केली. "चला, चला, गाडीला जागा द्या! त्याला पन पोट हाय!" टँकर माझ्या बोटांच्या इशाऱ्यावर, आरामात, एक फांदी पन न मोडता पुढं गेला. एवढा चांगला टॅफिक मी जन्मात कधी सोडवला नाय.

आमी सुटून पुलावर पोचलो तवा टँकर रिकामा होऊन दुसऱ्या वाटेनं गेलाबी होता. खाडीचं पानी निळसर, वर फेस. तू कडंला उभा होतास, गालाला हळद, हातात खुळखुळा. माझ्या तोंडाला कुलूप लागलं असा तो पयला दिवस.

घरी जाऊन बायकोला इचारलं, "फळीवर डावीकडं एक नारळ होता तो कुठं गेला?"

"शुक्रवारी कोलंबीच्या कालवनात घातला. घरात दुसरा नवता. तुमीच दोनदा मागून घेतलंत, वर बोललात आज चव वेगळी हाय."

चव वेगळी असनारच, काशा. चांगुना आत्याच्या नातीचं लगीन होतं त्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला सांगितलं. तू हसलास, डोळ्यात पानी येईपर्यंत. मंग डोळे पुसून बोललास, "हे कोनाला बोलू नको. तुझं नाव आलं की तुला टँकरवाल्यांचा मानूस ठरवतील. मुद्दाम मिरवनूक आडवी घातली बोलतील. तुला ना लिवता येत ना नीट बोलता येत, आत घालतील. माझ्या आंगावर वर्दी हाय. मला कोन काय करतंय?"

चार दिवसांत तो मोबाइलवरचा इडिओ सगळीकडं गेला. टँकरचा डायवर आनि पनवेलचा हवालदार, हातात हात घालून नाचतात. खाली लिवलेलं, पोलीस आनि टँकरवाले एकाच हळदीत. त्याच दिवशी बाजारातल्या बायका मेलेल्या माशांच्या पाट्या घेऊन ठान्यावर गेल्या. वरच्या साहेबांना कोनाला तरी पुढं करायचंच होतं. तुला निलंबित केला. लिवलं की तू फितूर हायस, कारवाईची खबर तूच फोडलीस, तूच पथक मिरवनुकीत थांबवलंस. तू जबाबात लिवून दिलंस, थांबायचा निर्नय माझा, बेंजोची कल्पना पन माझी. माझं नाव कुठंच नाय. फौजदार साहेबांची बदली झाली, ते गप. मी पन गप.

इथं मी हसवनार नाय. पाच महिने मी गप बसलो. तुझ्याकडं रोज येत होतो, च्या पीत होतो, तुझ्या मोडक्या स्टुलावरनं जोक मारत होतो आनि गप बसलोवतो. मंजुळा वैनी च्या देताना माझ्याकडं बघायच्या. त्यांना ठाऊक होतं का नाय, मला आजून कळलेलं नाय. इचारायची छाती नाय झाली.

मंग अधिवेशनात प्रश्न निघाला. सरकारची कारवाई फसली, खाडी मेली, जबाबदार कोन? मंत्री बोलले, चौकशी चालू हाय. इरोधी बोलले, पोलिसांची चौकशी पोलीसच करनार काय? आमदारांची समिती बसली आनि ती पनवेलला रेस्ट हाऊसवर आली, साक्षी घ्यायला. तुला बोलावनं आलं. मला नाय. माझं नावच कुठल्या कागदावर नवतं, तूच ठेवलं नवतंस.

आदल्या दिवशी आपलं भांडन झालं. मी बोललो, "मी येतो, खरं सांगतो."

"तू गप बस. तू तोंड उघडलंस की हसतात लोक. समिती म्हंजे हळद नाय. माझी चेष्टा करून ठेवशील. मी गंभीरपने बोलीन, माझी बाजू मांडीन."

"तुझी बाजू काय? खोटी बाजू!"

"खोटी असली तरी माझी हाय!"

तू दार लावलंस. मी भायेर उभा रायलो आनि मला पयल्यांदा कळलं की तुझं बरोबर हाय. माझ्यावर कोन इश्वास ठेवनार? आयुष्यभर मी खरं बोललो तरी लोक टाळी देतात.

म्हनून मी चांगुना आत्याला घेऊन गेलो. रेस्ट हाऊसच्या दारात शिपायानं आडवलं. आवाज ऐकून तू आतनं भायेर आलास आनि मला बघून शिपायाला बोललास, "याला आत सोडू नका. हा गावातला जोकर हाय." चांगुना आत्या बोलली, "आनि मी? मी पन जोकर हाय काय?" तिचा आवाज आत समितीपर्यंत गेला. आतनं निरोप आला, पाठवा.

आत लांब टेबल. मधी समितीच्या अध्यक्ष बाई, पांढरे केस, बारीक चष्मा, लांब विदर्भाकडच्या. शेजारी एक मिशीवाले आमदार. समोर तुमचे वरिष्ठ साहेब, फायलींचा ढीग घेऊन. मला शपथ दिली. कागद वाचा बोलले. मी बोललो, "तुमी वाचा, मी मागनं बोलतो, आरती बोलतो तशी."

"शिक्षण?" बाईंनी इचारलं.

"शाळा बघितली हाय, बाई. भायेरनं."

लोक हसले. तू डोक्याला हात लावलास. मी तुला बघून ठरवलं, आता एक पन जोक मारायचा नाय. सरळ सांगायचं. आनि सरळ सांगायला गेलो तर काय झालं बघ.

"त्या दिवशीचं काम तुम्ही आधीच घेतलं होतं. मग हवालदारांना मोकळा आहे असं का सांगितलंत?"

"फळीवर नारळ नवता, बाई." फळीचं सगळं सांगितलं.

"म्हणजे तो नारळ ही तुमची नोंद. ती नोंद आता कुठे आहे?"

"खाल्ली."

"कोणी?"

"मीच. कोलंबीच्या कालवनात. दोनदा मागून घेतलं."

मिशीवाले आमदार टेबलावर हात आपटून बोलले, "हा समितीचा अवमान आहे! चेष्टा चाललीय!" मी रडकुंडीला आलो. जन्मात पयल्यांदा मी चेष्टा करत नवतो आनि पयल्यांदाच मला कोनी चेष्टेसाठी आत टाकायला निघालं होतं. हात जोडून बोललो, "साहेब, टँकरला वाट पन मीच करून दिली. इडिओत शेवटाला जे दोन हात हालतात ना, ते माझे. बघा, आंगठी तीच हाय." आनि हात पुढं केला.

तेवढ्यात तू उठलास. "खोटं बोलतो तो! निर्नय माझा होता! त्याचा काय संबंध नाय!"

"तू खाली बस, काशा! नारळ काय तू खाल्लास?"

"मॅडम, याचं काय ऐकू नका, हा लहानपनापासनं असाच हाय!"

मागनं चांगुना आत्या ओरडली, "नारळ मी दिलाय! शेंडीला माझ्या लुगड्याची चिंधी होती! इचारा त्याच्या बायकोला!"

अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला. मिशीवाल्यांना हातानं थांबवलं. बोलल्या, "मी इतकी वर्षं समित्यांवर बसते. आरोप दुसऱ्यावर ढकलणारे रोज पाहते. एकाच आरोपासाठी भांडणारे दोघं आज पहिल्यांदा पाहिले. आणि खोटं बोलणारा माणूस जरा बरं दिसेल असं खोटं बोलतो. इतकं स्वतःला मूर्ख ठरवणारं खोटं कोणी रचत नाही."

मंग बाई तुमच्या वरिष्ठ साहेबांकडं वळल्या. आवाज तोच, हळू.

"टँकरचा नंबर पथकाकडे का नव्हता?"

"माहिती घेऊन कळवतो."

"खाडीच्या दुसऱ्या वाटेवर दुसरं पथक का नव्हतं?"

"तपासून सांगतो."

"हा आराखडा मंजूर कोणी केला?"

साहेब फाईल उलटत रायले.

"नारळ कोणाचा ते आम्हाला अर्ध्या तासात कळलं," बाई बोलल्या. "टँकर कोणाचा, ते तुम्हाला इतक्या महिन्यांत कळलं नाही?"

काशा, त्या वेळी तू माझ्याकडं बघितलं नायस. मी बघत होतो. तुझी मान पाच महिन्यांनी सरळ झालीवती. मला माझा बेंजो फोडून टाकावासा वाटला, एवढा आनंद झालावता.

भायेर आल्यावर तू आठ दिवस बोलला नायस. नवव्या दिवशी दारात येऊन बोललास, "तुला कोनी सांगितलावता शानपना?" आनि आत येऊन जेवलास. त्यालाच मी माफी समजलो. कोनाची कोनाला ते आपन कधी ठरवलं नाय.

अहवाल काय लवकर येईना. समिती पुन्हा बसली, कागद मागवले, वेळ वाढवून घेतला. तू रोज पेपर पयल्या पानापासनं शेवटापर्यंत वाचायचास. एवढं वाचून तुला सोन्याचे, कांद्याचे, सगळे भाव पाठ झाले, अहवाल मातुर नाय. मधल्या काळात तू निलंबनातच रिटायर झालास. ठान्यात हार नाय, भाषन नाय. म्हनून मी तुझ्या ओटीवर केलं. समोसे आनले, हार आनला आनि भाषनाला उभा रायलो. "हवालदार काशिनाथ हे अतिशय प्रामानिक..." इथपर्यंत आलो आनि पुढचा शब्द येईना. तू बोललास, "बस खाली, समोसे थंड होतात." वैनी आत गेल्या, भायेर आल्या नायत बराच वेळ.

तुला एक सांगायचं रायलं. थँक्यू. आपल्यात असं कोनी बोलत नाय. बोललो असतो तर तू बोलला असतास, "बाळ्या, ताप आलाय काय?" तू माझं नाव कागदावर येऊ दिलं नायस, त्यात तुझी सगळी नोकरी गेली असती. मी पाच महिने ते बघत बसलो. दोन्ही गोष्टी खऱ्या हायत. तू मला कधी टोचून दाखवलं नायस. सायकलच्या ब्रेकवरनं मारायला उठायचास, आनि ह्या गोष्टीवरनं एक शब्द नाय. उलटा मानूस.

टँकर बंद झाले काय, इचारशील. त्या रस्त्यावर आता कमान टाकलीय, नाका बसलाय, नंबर लिवून घेतात. टँकरचा मालक आजून "शोध चालू हाय". खाडी थोडी सुधारली असं चांगुना आत्या बोलते, पन ती माझ्यासमोर जास्त बोलत नाय, नारळाचा राग आजून गेलेला नाय. नातीच्या पोराच्या बारशाला तिनं दुसरा बेंजो सांगितला.

आनि आता कालचं. काल दुपारी तुझ्या घरी बसलोवतो. ठान्यातल्या एक पोलीस बाई आल्या, खाकी लखोटा घेऊन. तुझ्या नावाचा. वैनींनी सुनेला वाचायला दिला. माझी सून, हीच, आता लिवतेय ती. समितीचा अहवाल सभागृहात ठेवला गेला. कारवाई फसली ती आखनीतल्या चुकीनं, हवालदारावर ठपका ठेवायला कायबी आधार नाय. तुझं निलंबन रद्द. तेवढे सगळे महिने तू ड्युटीवर होतास असं धरलंय. मी सुनेला तीनदा वाचायला लावलं. ड्युटीवर! ओटीवर बसून कांद्याचे भाव वाचत होतास, ती ड्युटी! तू हे ऐकून किती फुगला असतास, आनि मी तुला किती चिडवला असता. वैनी हसल्या, काशा. पदर तोंडाला लावून, पन हसल्या.

पोलीस बाई अवघडून बोलल्या, "पोहोच हवी होती. त्यांची सही... आता नातेवाइकाची चालेल."

वैनींनी पेन घेतलं नाय. बोलल्या, "भावजींना द्या. हे त्यांनीच आनलंय."

मी बोललो, "वैनी, मी आनलं नाय, मी घालवलं होतं."

"तेच ते. द्या त्यांना."

बाईंनी कागद माझ्यासमोर ठेवला. "काका, नातं काय लिहू?"

मी इचार केला. खरंच केला. बोललो, "लिवा, ह्याच्या चुकीनं तो अडकला आनि ह्याच्याच तोंडानं सुटला."

बाईंनी कागद फिरवून दाखवला. रकाना बोटभर. "एवढं बसणार नाही हो, काका."

"मंग भाऊ लिवा."

त्यांनी लिवलं, मी आंगठा उठवला. आता सरकारी कागद झाला, काशा. तुला "नाय" बोलता यायचं नाय.